मिस्त्रीची जागा

१

मोटारीचं बहुतेक काम एकट्याला जमतं. चाक उतरवणं, ड्रम काढणं, जुनी बेअरिंग ठोकून बाहेर घेणं, नवी बसवणं, या सगळ्यात दुसरं माणूस असलं तर उलट लुडबुड होते. फक्त ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. एकानं आत बसून पायडल तीनदा दाबायचं आणि तिसऱ्यांदा तसंच दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागे आडवं पडून तेल सोडायची निप्पल ढिली करायची, बुडबुड्यांसकट तेल निघालं की आवळायची आणि वरच्याला सांगायचं, "सोड." मग पुन्हा "दाब." खाली पडलेल्याला वरचा माणूस दिसत नाही. वर कोणीतरी आहे, एवढं त्याला फक्त तेलावरून कळतं.

अकोल्याला ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो, त्यांचा एक नेम होता. "जिसने ब्रेक बनाया, पहले उतार पे वो आगे बैठेगा." मागच्या सीटवर बसलेलं चालायचं नाही, मालकाच्या शेजारीच बसायचं. यात जादूटोणा काही नव्हता. आपल्यालाच त्या गाडीत बसायचंय हे माहीत असलेला मिस्त्री नट अडकवणारी जुनी कॉटर पिन सरळ करून परत घालत नाही, नवी घालतो. उस्ताद हा नेम नमाजाइतका पाळायचे. मीही चौदा वर्षं पाळला.

पंधराव्या वर्षी एकदा मोडला, त्याची ही हकिकत आहे.

२

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. सुलतानपूरला गावाबाहेर लोणारच्या वाटेवर माझं टिनाचं दुकान होतं. समोर जानरावांचं चहाचं हॉटेल, मागे पाण्याचा ड्रम आणि एक निंबाचं झाड. गावातल्या घरी मी आणि बायको शालू, दोघंच. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यात दोन वेळा आशा लागून मोडली होती. त्या वर्षी तिला सातवा महिना होता आणि सगळं नीट चाललं होतं. मला तेव्हा एवढं एकच महत्त्वाचं वाटायचं, की हे नीट व्हावं आणि आपण ते पाहायला असावं.

शालूला माझा उताराचा नेम ठाऊक होता आणि तो तिला कधीच पटला नव्हता. त्या सकाळी डबा हातात देताना ती म्हणाली, "लोकाईच्या गाडीत बसून उतार उतरनं पुरे झालं आता. लेकरू होईपर्यंत त्या जाग्यावर बसू नका." मी बरं म्हणालो. त्या दिवसांत मी तिला सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

दहाच्या सुमारास हिंमतराव गाडी घेऊन आले. लोणारकडचे शेतकरी, बऱ्यापैकी जमीन राखून असलेले, बोलायला मोकळे. गाडी विलायती, अडतीस सालची, एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली. चार वर्षं ती गोठ्याशेजारी कडब्याच्या गंजीआड उभी होती. आता दिवाळीला बहिणीला आणायचं म्हणून त्यांनी बाहेर काढली होती. पायडल थेट तळाला जात होतं आणि पुढची चाकं गुणगुणत होती. अशा गाडीत हा माणूस आठ मैल कसा आला, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले की हळूहळू आलो. गाडीवाल्या लोकांना हॉर्न वाजला नाही तर झोप येत नाही, ब्रेकचं मात्र ते चार-चार वर्षं चालवून घेतात.

३

पुढचं डावं चाक काढून ड्रम उतरवला. आतल्या पत्र्यावर छिन्नीसारख्या पोगरानं ठोकलेली खूण होती. 'तु' आणि खाली ५९.

आमचे उस्ताद प्रत्येकाला आपल्या कामावर खूण ठोकायला लावायचे. ही खूण तुळशीरामची होती. तुळशीराम माझ्या आधीचा चेला. वर्षभर आम्ही एका छपराखाली काम केलं होतं. आडव्या हाडाचा, तोंडावर देवीचे व्रण, हात अगदी साफ. त्यानं लोणारला दुकान टाकलं होतं आणि चार वर्षांपूर्वी एकाएकी बंद केलं. तेव्हापासून तो घरी बसून होता. बोलत नाही, कामाला हात लावत नाही, असं लोक सांगायचे. मीही त्याला त्याच्या ओट्यावर बसलेला पाहिलं होतं. त्याची बायको चांगुणा तूर निवडत होती आणि तो शेजारी भिंतीला टेकून होता. मी हाक मारली तर त्यानं नुसतं पाहिलं.

त्यानंतर आठच दिवसांनी एक माणूस माझ्या दुकानात काम मागायला आला होता. वाळलेला, गुळगुळीत तोंडाचा. म्हणाला, मी तुळशीराम, लोणारचा. मी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसलो. तुळशीराम तुझ्यासारखा दिसत नाही आणि मी त्याला मागच्याच आठवड्यात घरी पाहिलाय, असं सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. जॅकवर एक चाक चढवलेलं होतं, ते हातानं फिरवून पाहिलं आणि नट केसभर जास्त आवळलाय म्हणाला. खरंच आवळलेला होता. जाताना एवढंच बोलला, "त्या गाडीत मी बसलो नव्हतो. बसाले पायजे व्हतं."

कोणत्या गाडीत, ते मी विचारलं नाही. चहा पाजून वाटेला लावला.

आता ती खूण पाहिल्यावर मला हे सगळं आठवलं, पण कामाच्या वेळी आठवणी काढत बसायची मला सवय नाही. शिवाय दुसरीच एक गोष्ट मला खटकत होती. त्या एका चाकाच्या ब्रेकचे लायनर रिबिटांपर्यंत घासले होते. बाकी तीन चाकांचे अजून वर्षभर चालले असते. गाडी तर उभी होती. सिलिंडर अडकून चाक धरलं जात असेल, असा मी निकाल लावला. सिलिंडर खोलून पाहिला तर तो मोकळा होता.

गाडीतलं सामान बाहेर ठेवताना पायाखालची चटई दिसली. मालकाच्या बाजूची धड होती. डाव्या बाजूची टाचेच्या जागी आरपार झिजली होती आणि खालचा पत्रा चकाकत होता. हिंमतरावांना विचारलं, शेजारी कोण बसतं. "कोनीच नाही," ते म्हणाले. "मी एकटाच चालवतो. बायकोले गाडीत मळमळते."

४

दुपारपर्यंत बेअरिंग झाली. जुन्या वाट्या ठोकून काढल्या, नव्या बसवल्या. तळहातावर ग्रीस घेऊन प्रत्येक बेअरिंगमध्ये बोटानं दाबून दाबून भरलं. नट गच्च आवळून पुन्हा थोडा मागे घेतला आणि नवी कॉटर पिन घातली.

बेअरिंग नीट बसली का हे कानानं पाहायचं असतं. चाक हवेत फिरवायचं, पेचकसाचं टोक धुऱ्याजवळ टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. लोखंडातून आवाज सरळ येतो. उजवं चाक एकसारखं वाजलं, जसं वाजायला हवं तसं. डावंही तसंच वाजलं. मग ते हळू झालं आणि थांबलं. मी पेचकस काढणार, तेवढ्यात लोखंडातून एक ठोका आला. मग दुसरा. मग तिसरा, आणि त्याच्यामागून काहीतरी घट्ट दाबून धरल्यासारखी शांतता.

मी मान बाहेर काढून वर पाहिलं. गाडीत कोणी नव्हतं. हिंमतराव निंबाखाली टोपी तोंडावर घेऊन पडले होते. ऊन चढलं की पत्रा फुगतो आणि वाजतो. मी पुन्हा कान लावला नाही. तसं करायची गरजही नव्हती, चाक उत्तम झालं होतं.

५

लायनर बसवले, तेल भरलं आणि हवा काढायला हिंमतरावांना उठवून आत बसवलं. हे काम त्यांना अजिबात जमत नव्हतं. दाब म्हटलं की धपकन दाबायचे, सोड म्हणायच्या आधीच सोडायचे. मग हवा परत आत. तीन चाकांना तास गेला. मी खालून दोनदा चिडलो आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

चौथं चाक पुढचं डावं. मी खाली सरकलो, नळी लावली, तिचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत सोडलं. या वेळी मात्र त्यांना गोम कळली होती. संथपणे एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि धरून ठेवलं. मी निप्पल उघडली, बुडबुडे आले, आवळली. "सोडा," म्हणालो. हळू सोडलं. पुन्हा मी काही बोलायच्या आत एक, दोन, तीन आणि धरलं. असं पाच वेळा झालं. शेवटी नुसतं स्वच्छ तेल आलं. इतक्या चांगल्या पायानं मला उस्तादांच्या दुकानानंतर कोणी साथ दिली नव्हती. मी खालूनच म्हणालो, "आता जमलं तुम्हाले, हिंमतराव."

मान वळवली तर गाडीखालून पलीकडचा रस्ता दिसत होता आणि जानरावांच्या हॉटेलचं बाकडं. बाकड्यासमोर धोतर आणि लाल कातड्याचे जोडे.

मी बाहेर आलो. हिंमतराव बशीत चहा ओतून पीत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "झालं का? मी मघाच उतरलो न. तुमाले सांगूनच उतरलो."

कदाचित सांगितलंही असेल. नळीत आधीचा दाब उरलेला असतो, तेवढ्यावर थोडं तेल येतं. पण बाटलीत बोट-दीड बोट तेल जमलं होतं. मी दार उघडून आत पाहिलं. उजव्या सीटवर हात दाबला आणि काढला तर ती वर आली. डावी सीट खाली बसलेली होती. स्प्रिंगा गेल्या असतील म्हणून मी तिच्याखालून हात घातला. स्प्रिंगा धड होत्या, फक्त दबलेल्या होत्या. वरून हात लावायचा माझा विचार होता, पण लावला नाही.

मला भीती वाटली, हे मी सरळ कबूल करतो.

६

चार वाजले होते. हिंमतरावांनी इंजिन सुरू केलं आणि शेजारच्या सीटकडे हात केला. माझा नेम त्यांनाही ऐकून माहीत होता. गावाच्या पलीकडे पळसाचा उतार होता, खाली नाल्यावर फरशीचा पूल. तिथपर्यंत जाऊन यायचं.

मला शालूचं सकाळचं बोलणं आठवलं. खरं सांगायचं तर ते मी आठवून घेतलं. तिला शब्द दिलाय, असं मनात म्हटलं की बरं वाटत होतं. पण एवढं मालकाला सांगायची लाज वाटली. बायकोच्या सांगण्यावरून मिस्त्री आपल्याच ब्रेकवर बसत नाही, हे गावभर झालं असतं. मी म्हणालो, "हात धुऊन येतो," आणि दुकानामागे गेलो.

पाण्याच्या ड्रमाशी उभा राहिलो. हात धुतले, मग पुन्हा धुतले. डोक्याचा टॉवेल सोडून भिजवला आणि पिळला. वाट पाहून ते एकटे निघतील, असा माझा हिशेब होता. ब्रेक पक्के होते, चिंता करण्यासारखं काही नव्हतं.

गाडीचं डावं दार उघडल्याचा आवाज आला. ते दार जुनं, थोडं उचलून ओढल्याशिवाय उघडायचं नाही. ही युक्ती मला त्याच दिवशी सापडली होती. ते एका झटक्यात उघडलं आणि बंद झालं. हिंमतरावांचा आवाज आला, "बसले न नीट? चला." गाडी निघाली.

मी टिनाच्या कोपऱ्यावरून पुढे आलो. गाडी गावाच्या दिशेला वळत होती. मागच्या लहान काचेतून दोन डोकी दिसली. उजवीकडे टोपी होती. डावीकडच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, गाठ उजव्या कानामागे, मी बांधतो तशी. माझा टॉवेल माझ्या हातात होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

७

वाटेवर कोणीतरी हात केला असेल आणि हिंमतरावांनी बसवून घेतलं असेल. टॉवेल सगळेच बांधतात. मी हत्यारं पुसून जागेवर लावली. दुकानात दाढीसाठी आरशाचा तुकडा अडकवलेला होता, त्यात उगाच पाहिलं. मला माझंच तोंड दिसलं.

तासाभरानं गाडी परत आली. हिंमतराव एकटेच होते. खाली उतरून त्यांनी दुकानात डोकावलं. सकाळपासून मला मिस्त्री आणि तुम्ही म्हणणारा माणूस होता तो.

"दुकानात तूच हाय का बे?" ते म्हणाले. "मिस्त्रीले घरी सोडलं मी. भल्ला काळजीचा मानूस. उतारभर पाय दाबून बसला व्हता. त्यानं निरोप देल्ला, दुकानात एक मानूस हाय, त्याले म्हना बंद कर अन् चावी घरी आनून दे."

मी म्हणालो, "हिंमतराव, मीच इंद्रभान."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ते हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मीही त्या दुसऱ्या माणसाला असाच हसलो होतो. जाता जाता, ब्रेक एकदम झकास झाले म्हणून मिस्त्रीले सांगजो, असं म्हणाले आणि गाडी लोणारच्या वाटेला लागली.

जानरावांकडे गेलो. नऊ वर्षं रोज माझा पहिला चहा त्यांच्या हातचा. त्यांनी भट्टीवरून मान वर केली आणि विचारलं, "कोन गावचे, पाव्हनं?"

मी दुकानाला कुलूप लावलं आणि घराकडे निघालो. सुरुवातीला चालत होतो, मग पळत सुटलो.

८

ऊन अजून ओट्यावर होतं. शालू दारात उभी होती, एक हात कमरेवर, दमल्यावर उभी राहायची तशी. मला पाहताच तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि चौकटीआड सरकली. परका पुरुष दारात आला की बाई सरकते, तितकीच.

"चावी आनली का?" तिनं विचारलं.

मी तिला नावानं हाक मारली. ती आणखी आत गेली. घाबरली नाही, पण कोण हा आगाऊ माणूस, असं तिच्या तोंडावर दिसलं. तिनं आत तोंड करून सांगितलं, "अवो, तुमच्या दुकानातला मानूस आला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "थकले हायत ते. आल्यापासून बोलून नाही राह्यले."

तिच्या बोलण्यात सुटकेचा आनंद होता. नवरा उतार उतरून घरी आला होता. तिच्या घरात सगळं ठीक होतं.

उघड्या दारातून खोलीचा तुकडा दिसत होता. खाट, आणि खाटेवर बसलेल्या कोणाचे तरी गुडघ्याखालचे पाय. वरचं अंधारात होतं. पँट माझी होती, ग्रीसच्या डागांसकट. डावा पाय शेणानं सारवलेल्या जमिनीवर सपाट टेकला होता. तो हळूच दाबला गेला आणि वर आला. पुन्हा दाबला गेला आणि वर आला. तिसऱ्यांदा दाबला गेला आणि तसाच राहिला.

मी वाट पाहिली. पाय हलला नाही. नडगीची शीर ताठ झालेली मला उंबऱ्यापासून दिसत होती.

मग माझ्या लक्षात आलं, की तोही वाट पाहतोय. खाली पडलेल्यानं शब्द दिल्याशिवाय वरचा पाय काढत नाही. दुपारी मी पाच वेळा तो शब्द दिला होता आणि पाचही वेळा त्यानं ऐकला होता. सहावा शब्द माझ्याकडे होता. तो म्हटला तर काय सुटेल, हे मला माहीत नव्हतं. कदाचित तो उठून निघून गेला असता आणि माझं घर मला परत मिळालं असतं. कदाचित चार पावलांवर उभ्या असलेल्या शालूवर काहीतरी सुटलं असतं. ती पोटावर हात ठेवून, मी कधी जातो याची वाट पाहत होती.

मी चावी उंबऱ्यावर ठेवली आणि परत फिरलो.

९

सध्या मी धामणगाव बढेला एका दुकानात काम करतो. इथं मला बाबा म्हणतात. नाव पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण मालकाचा एक मेहुणा सुलतानपूरचा निघाला आणि तो हसला, तेव्हापासून सांगत नाही. तुळशीरामला मी बरंच शोधलं. खामगावच्या स्टँडवर तसा माणूस असतो असं कोणी म्हणालं होतं, पण मला भेटला नाही. भेटला असता तर त्यानं घरी जाऊन तो शब्द म्हटला होता का, एवढंच विचारलं असतं.

त्या माघात शालूला मुलगी झाली. सुलतानपूरकडचा एक ट्रकवाला कधीमधी येतो, त्याच्याकडून खबर मिळते. मुलगी आता शाळेत जाते. शालूनं माझं दुकान भाड्यानं दिलंय आणि वर शिवणकाम करते. मिस्त्री घरीच असतात. बोलत नाहीत, खातात पितात, खाटेवर बसून असतात. माणूस गरीब आहे, फक्त डावा पाय जमिनीवर इतका रोवून का बसतो ते कळत नाही, असं तो ट्रकवाला सांगतो. मुलगी त्याच पायाशी बसून अभ्यास करते.

मी ब्रेकचं काम अजून करतो. पहिल्या उतारावर प्रत्येक गाडीत पुढे बसतो. आणि हवा काढताना वरच्यानं पाय उचलावा म्हणून मडगार्डवर पान्यानं दोन ठोके मारतो. नवीन माणसाला आधी समजावून सांगावं लागतं, की बाबा खालून दाब म्हणतात, पण दुसरा शब्द म्हणत नाहीत. इथं तो कागदावर लिहिला आहे. तोंडानं मी तो त्या दिवसानंतर उच्चारलेला नाही.